सोयरीक दोन तारांची

हौशी रेडिओ केंद्राची खरेदी निघाली म्हणजे घरात चर्चा होते ती संचाची आणि एरिअलची. त्या दोहोंना जोडणाऱ्या कोॲक्सिअल केबलकडे फारसे कोणी पाहत नाही. आणि केबलीच्या टोकांना बसणारे कनेक्टर तर 'दुकानदार देईल ते' या सदरात जातात. आमच्या पुतणीला परवाना मिळाला आणि लष्करातील आमच्या जुन्या घराच्या दगडी गच्चीवर एरिअल उभारायचे ठरले, तेव्हा आम्ही आग्रह धरला, की विचाराचा प्रारंभ याच चिमुकल्या तुकड्यांपासून व्हावा.

हा आग्रह केवळ टापटिपीचा नव्हता. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, दूरध्वनी मुके झाले, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचविण्याचे काम केले. अशा वेळी एक सैल सांधा सारे केंद्र मुके करू शकतो. आपल्या मध्य प्रदेशाशीही या छंदाचे जुने नाते आहे. देशातील हौशी रेडिओवाल्यांची संस्था १५ मे १९४८ रोजी महूच्या सिग्नल विद्यालयातच सुरू झाली.

"काका, टीव्हीची केबल घरात पडून आहे, तीच का नको?" पुतणीने विचारले. सोयरीक जुळविताना दोन्हीकडची घरे पाहतात, तसेच येथेही पाहावे लागते. टीव्हीची केबल व तिचा एफ कनेक्टर ७५ ओहमांचे. प्रक्षेपण करणारे संच बहुधा ५० ओहमांचे. जेथे घराणे बदलते तेथून लहरींचा काही भाग माघारी फिरतो. एवढ्याने संच जळत नाही हे खरे. पण माघारी येणारी शक्ती वाढत गेली, तर भार अखेर संचावरच येतो. एन जातीत तर दोन्ही घराणी आहेत. ५० ओहमांची जाड पिन ७५च्या नाजूक घरात घुसविली, तर ते घर कायमचे फाकते.

दुसरा प्रश्न लहरीच्या लांबीचा. ७ मेगाहर्ट्‌झवर लहर सुमारे ४३ मीटर लांब असते; पी. एल. २५९ कनेक्टरमधील बोटभर विषमता तिच्या खिजगणतीतही नसते. ४३५ मेगाहर्ट्‌झवर लहर जेमतेम ६९ सेंटीमीटर. तेथे तीच विषमता खुपू लागते. गंमत अशी, की या पी. एल. २५९ला 'यू. एच. एफ.' असे भारदस्त नाव आहे. १९३०च्या दशकाअखेर तो निघाला, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ आजच्याहून बराच खालचा होता. एन कनेक्टर बेल प्रयोगशाळेच्या पॉल नील यांचा. तो ११ गिगाहर्ट्‌झपर्यंत प्रामाणिक राहतो. हातात धरावयाच्या लहान संचांवर एस. एम. ए. असतो. त्याचे आटे बारीक, आणि काही संचांवर पिन संचाच्याच बाजूस असते. म्हणून एरिअल घेताना संच सोबत न्यावा.

तिसरा आणि आमच्या दृष्टीने मोठा प्रश्न ग्वाल्हेरच्या हवेचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, लू वाहते, धूळ उडते, पाठोपाठ पाऊस. पी. एल. २५९ पाणी अडवीत नाही. आमच्या एका स्नेह्यांच्या गच्चीवर पाणी अशाच सांध्यातून शिरले, आणि तांब्याच्या जाळीतून केशाकर्षणाने पुढे सरकत राहिले. कनेक्टर बदलून भागले नाही, केबलच टाकून द्यावी लागली. एन कनेक्टरमध्ये रबरी कडे असते. म्हणून गच्चीवरचा सांधा आम्ही एनचा ठरविला. त्यावरही आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी आणि उन्हासाठी वर काळी टेप गुंडाळली. केबलीला खाली झोळ ठेवला, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. खोलीत मात्र संचालाच पी. एल. २५९चे घर आहे. तेथे उगाच जोडाला जोड न लावता तोच घेतला.

एवढे झाल्यावर केबलीची जाडी पाहिली. आर. जी. ५८ सुमारे पाच मिलिमीटर, आर. जी. २१३ दहा, कनेक्टर त्याच मापाचा हवा. डाख पुतणीने स्वतः दिला, आणि मधली तार जाळीला कोठे टेकत नाही ना, हे मीटर लावून पाहिले.

संकट आगाऊ वर्दी देऊन येत नाही. पहिला पाऊस पडून गेला, की गच्चीवर जाऊन सांधा पाहून यावा, एवढेच आम्ही तिला बजावून ठेवले आहे.