हिंजवडी ते नवी पेठ, दरमहा ९९९ रुपये

हिंजवडीचा रस्ता मला तोंडपाठ आहे. वाकडचा पूल, भूमकर चौक, फेज वन आणि कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपलेले आम्ही. तब्बल ११ वर्षं! या ट्रॅफिकमध्ये एखादं सॉफ्टवेअर लिहून झालं असतं, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. एक दिवस मी खरंच राजीनामा दिला. घराचे ९ वर्षांचे हप्ते बाकी असताना! आईनं एवढंच विचारलं, ''मग आता डबा किती वाजता?''

आता बाईक उलट्या दिशेला धावते. नवी पेठ, शास्त्री रस्ता. कधी सकाळी साडेसहाला इथं येऊन बघा. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली, टपरीवर चहा-पोहे आणि तोंडी लावायला चालू घडामोडी. अख्ख्या महाराष्ट्रातून एमपीएससीसाठी आलेली ही पोरं. जिकडं बघावं तिकडं अभ्यासिकेची पाटी. जिना चढून वर जा, दाराशी चपलांचा ढीग आणि आत शंभर जण असूनही ऐकू येतो तो फक्त पंखा. खुर्चीचे पैसे महिन्यावर. माझं सॉफ्टवेअर या अभ्यासिकांसाठीच आहे: कुठली जागा कुणाची, फी कुणाची थकली. दरमहा ९९९ रुपये.

तसं हे काही नवं नाही. डेटा बॅकअपवाली द्रुवा २००८मध्ये पुण्यातच सुरू झाली. गिरीश मातृभूतम यांनी झोहो सोडून २०१०मध्ये चेन्नईत फ्रेशवर्क्सचा डाव मांडला आणि २०२१मध्ये कंपनी थेट नॅसडॅकवर नेली. पण बॉस, त्यांचे ग्राहक डॉलरवाले. माझे ग्राहक म्हणजे काका!

पहिल्या काकांनी डेमो बघितला आणि म्हणाले, ''एकदाच काय ते सांग. दर महिन्याला कशाला?''

''काका, तुम्ही खुर्ची विकता का?''

ते हसले. मग त्यांनी मला धंदा शिकवला. ''परीक्षा झाली की निम्मी पोरं गावी जातात. मी लॉकर काढून घेत नाही. थोडे पैसे घेऊन राहू देतो. पुस्तकं इथं असली की पोरगं परत येतं.''

ऑफिसात याला आम्ही 'रिटेन्शन' म्हणायचो आणि त्यावर ४० स्लाईड्स करायचो. मी त्याच रात्री १९९ रुपयांचा 'सुट्टी प्लॅन' टाकला. अभ्यासिका ओस पडली तरी नोंदी शाबूत.

आज ४१ अभ्यासिका आहेत. म्हणजे जेमतेम ४१ हजार, आणि घराचा हप्ता ३६. पगार कसा, झोपेतही जमा व्हायचा. इथं रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापायच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. नियम चांगलाच आहे हो, पण दर महिन्याला ४१ जण नव्यानं विचार करतात, ''ठेवायचं का हे?'' माझी ३१ तारीख कशी जाते ते विचारू नका.

परवा त्या पहिल्या काकांचंच ऑटोपे रद्द झाल्याचा मेसेज आला. हिंजवडीत असतो तर ई-मेल टाकला असता. इथं बाईक काढली, पाचव्या मिनिटाला धापा टाकत वर. काका स्टुलावर उभे राहून पंखा पुसत होते.

''अरे, बँक बदलली. बस, चहा सांगतो.''