तक्त्यावरच्या दोन सह्या

परवा माझी भाची आली ती पेढ्यांचा पुडा घेऊनच. तिला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पेढा हातावर ठेवता ठेवताच तिने विचारले, “आत्या, पुढे मी आयसीयू घेऊ, की ऑपरेशन थिएटर? की नवजात बाळांचा विभाग?”

मला हसू आले. अजून कॉलेजचा पहिला दिवसही उजाडला नव्हता! पण मी तरी कुठे वेगळी होते? १९८४ मध्ये सोलापूरहून पुण्याला नर्सिंगच्या डिप्लोमासाठी आले, तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढे फक्त थिएटर होते. घरून निघताना काका म्हणाले होते, “लोकांची घाण काढायला मुलीला पाठवताय?” त्यांना उत्तर द्यायचे म्हणूनही असेल, पण हिरवा गाऊन घालून सर्जनच्या शेजारी उभे राहायचेच, असे मी ठरवून टाकले होते.

प्रत्यक्षात पहिले कित्येक महिने मी चादरी घातल्या. चादरीला एक सुरकुती दिसली, तर ट्यूटर सगळे अंथरूण ओढून काढत आणि पुन्हा घालायला लावत. हात धुणे, स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, बेडपॅन, ताप-नाडी-श्वास. श्वास मोजायचा तो रोग्याला न सांगता. नाडी मोजून झाली तरी बोटे मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीकडे न्यायची, कारण आपला श्वास कुणी मोजते आहे हे कळले, की माणूस वेगळाच श्वास घेतो. ही युक्ती तेवढी मला आवडली होती. बाकी सगळे कंटाळवाणे वाटे.

पुढे पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात माझी रात्रपाळी लागली. तिथे हमाली करणारे एक आजोबा होते. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची आणि पलंगाच्या तक्त्यावर वेळ लिहून सही करायची. त्या रात्री बारा वाजता मी त्यांना उताणे केले. दोनच्या सुमारास थिएटरमध्ये इमर्जन्सी आली. सिस्टर कोपऱ्यातल्या रोग्याकडे गुंतलेल्या पाहून मी गुपचूप सटकले आणि दाराच्या काचेतून बघत उभी राहिले. परतले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. तक्त्यावर दोन रकाने रिकामे. दोन वाजता डावी कूस, चार वाजता उताणे, असे लिहून मी दोन सह्या ठोकल्या आणि सकाळच्या कामांना लागले.

सात वाजता वॉर्डच्या मुख्य सिस्टरनी आजोबांना वळवले. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग! त्यांनी बोटाने दाबून पाहिले. निरोगी कातडी दाबली की फिकट होते; ही झाली नाही. त्यांनी तक्ता पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

“दोनला वळवलं होतंस?”

“हो, सिस्टर.”

आजोबा माझ्याकडेच बघत होते. त्यांना बोलता येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी कातडी फुटली. ड्रेसिंगला मी रोज स्वतःहून जाई, आणि आजोबांची कारभारीण माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणे, “किती करतीस गं पोरी!” चौथ्या दिवशी मला राहवले नाही. सिस्टरांकडे जाऊन सगळे सांगितले. मला वाटले, आता घरी पाठवतील. त्या एवढेच म्हणाल्या, “राहिलं होतं, तर ‘राहिलं’ असं लिहायचंस. साडेचारला तक्ता रिकामा दिसला असता, तर मी तेव्हाच वळवलं असतं. तुझ्या सहीवर विश्वास ठेवून मी पुढच्या पलंगाकडे गेले.”

त्या काळी आम्ही पाठीला स्पिरिट-पावडर लावून खसखसा चोळत असू. लाल झालेली जागा चोळू नये, असे आज शिकवतात. शास्त्र बदलते, पण कूस बदलावीच लागते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे नाव ठाऊक नाही, असा माणूस विरळा. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. ४१ वर्षांहून अधिक काळ तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना भरवले, पुसले, वळवले. २०११ च्या निकालात त्यांना एकही अंगव्रण झाला नसल्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. बातमी वाचून मी मनाशी गणित केले. दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसाला बारा वेळा, वर्षाला चार हजारांवर. या कामाची पदविका कुठे मिळत नाही.

भाचीला मी शाखा सांगितल्याच. एम.एस्सी.ला वैद्यकीय-शल्य, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. शिवाय अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, कर्करोग, नवजात शिशू अशा विषयांत वर्षभराच्या पदविका. मीही पुढे थिएटरमध्ये आठ वर्षे काढली. तिथे पहिल्या दिवशी काय शिकवले असेल? भूल दिलेल्या रोग्याच्या टाचांखाली आणि कोपरांखाली गादी कशी द्यायची! त्यालाही तासन्‌तास हलता येत नाही ना. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या माणसाचे तेच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी तर चिकटपट्टी काढतानाही सोलवटते.

“आणि ते आजोबा?” भाचीने विचारले.

“जखम भरायला महिना लागला. मग घरी गेले.”

“तू त्यांना सांगितलंस?”

नाही सांगितले. जाताना त्या बाईंनी माझ्या हातात गूळ-शेंगदाण्यांची पुडी ठेवली होती. होस्टेलच्या कपाटात ती कितीतरी दिवस तशीच बांधलेली होती.