लागलं

"लागलं, काका," ती मुलगी म्हणाली आणि मी हात झटकन मागे ओढला.

तिने दचकून वर पाहिलं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग दारापर्यंत आलेली. माझ्या उजव्या अंगठ्याला चीर पडली होती, म्हणून तिने डावा हात मागितला. मी म्हटलं, "डावा लागत नाही. कधीच लागलेला नाही." तरी तिने माझी तर्जनी धरली, फडक्याने पुसली आणि काचेवर टेकवली. पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा.

बाहेर येऊन मी बोटं उन्हात धरली. चारही टोकं मऊ होती, लहान मुलासारखी. पन्नास वर्षं तारा दाबून झालेले घट्टे आठ महिन्यांत निघून गेले होते आणि मला पत्ता नव्हता.

पण हात मागे घेतला तो त्यामुळे नाही. तो त्या शब्दामुळे. 'लागलं' हा शब्द माझ्या डाव्या हाताच्या इतक्या जवळ याआधी एकदाच उच्चारला गेला होता. वसईत, आमच्या वाडीत, १९८३ साली. उच्चारणारे माझे बाबा होते.

ईस्टरला दोन आठवडे होते. संध्याकाळी चर्चमध्ये गायकवृंदाचा सराव होता आणि दुपारी केळीचे लोंगर उतरवायचे होते. लोंगर उतरवायला दोघं लागतात. एकाने खाली उभं राहून भार झेलायचा, दुसऱ्याने दांडा तोडायचा. मी झेलत होतो. लोंगर फिरला, मी आधाराला डावा हात वर नेला, आणि कोयता खाली आला. आधी दुखलं नाही. तळहाताला गार वाटलं, एवढंच. बाबा म्हणाले, "लागलं?" मी बोट वाकवायला गेलो. वाकलं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं ते सरळ उभं राहिलं.

बाबांनी केळीचं कोवळं पान फाडून हातावर गुंडाळलं, वरून स्वतःचा पंचा. मग वसई रोड स्टेशन, आणि तिथून मुंबईपर्यंत लोकलच्या गर्दीत त्यांनी माझं कोपर खालून धरून हात सगळ्यांच्या डोक्यांच्या वर ठेवला. एकदाही खाली येऊ दिला नाही. त्यांच्या शर्टावर माझं रक्त होतं आणि केळीचा चीक होता. आईने नंतर तो शर्ट तीन पाण्यांतून काढला. रक्त गेलं. केळीचा चीक जात नाही. त्याचे काळपट तपकिरी डाग बाबा पुढे कित्येक वर्षं वाडीत अंगावर घालत होते.

आपल्या बोटाला वाकवणारे स्नायू बोटात नसतातच, हे मला त्या रात्री इस्पितळात कळलं. ते कोपराखाली असतात आणि तिथून लांब दोऱ्या बोटापर्यंत येतात. डॉक्टर त्यांना कंडरा म्हणतात, आमच्या गावात सगळे शीर म्हणतात. तर्जनीच्या दोन्ही तुटल्या होत्या, आणि अंगठ्याकडच्या बाजूचा मज्जातंतूही. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "कामाचा हात उजवाच ना?" मी बँकेत नुकता लागलो होतो. लिहायचा हात उजवा. मी मान हलवणार, एवढ्यात बाबा बोलले.

"तो गिटार वाजवतो."

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली आणि मराठी गीतांबरोबर आमच्या पिढीच्या हातात गिटार आली. बाबांना ती कधी पटली नाही. ती घरात आल्यापासून ते तिला तुणतुणं म्हणत. नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून 'गिटार' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, तो त्या टेबलावर पडल्या पडल्या.

तळहाताच्या पुढच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या पट्ट्याला हाताचे सर्जन 'नो मॅन्स लँड' म्हणत आले आहेत. तिथे तुटलेली कंडरा शिवली तर ती भोवतालच्या अरुंद वेष्टणाला चिकटून बसते, म्हणून जुने सर्जन तिथे लगेच टाका घालायला धजत नसत. अमेरिकेत लुईव्हिलला डॉ. हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी १९६०च्या दशकात तो टाका तर घातलाच, वर बोट स्वस्थ न ठेवता पहिल्या दिवसांपासून हलतं ठेवलं. नखाला हूक, हुकाला रबर बँड, रबर मनगटाशी बांधलेला. बोट सरळ आपण करायचं, वाकवायचं रबराने. म्हणजे ताज्या टाक्यावर ओढ येत नाही आणि कंडरा चिकटतही नाही. तासातासाला दहा वेळा.

हा इतिहास मी फार नंतर वाचला. तेव्हा मला दिसत होते ते रबर बँड घेऊन आलेले बाबा. आमच्याकडे फुलांच्या, पानवेलीच्या जुड्या केळीच्या सोपटाने बांधायची पद्धत; घरात रबर बँड म्हणून नव्हताच. बाबा दादरला फुलं घेऊन पहिल्या लोकलने जात. परत येताना त्यांनी पुडकं आणलं आणि एकेक रबर स्वतःच्या तर्जनीला लावून ताणून पाहिला. फार घट्ट तो बाजूला, फार सैल तो बाजूला. मधले सात-आठ निवडून खिशात ठेवले. सहा आठवडे, रबर सैल पडला की ते न बोलता बदलत. कोयत्याबद्दल ते कधीही बोलले नाहीत. मीही नाही.

बाकी सगळे बोलले. गावात, बँकेत, चर्चच्या पायऱ्यांवर प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं: "नशीब, डावा होता." त्या वाक्याचा राग मी आजही सोडलेला नाही. डावा म्हणजे कमी, डावा म्हणजे गेला तरी चालेल. अरे, गिटारचे सूर ठरवतो तो हातच डावा! उजवा फक्त छेडतो. मी हे कुणाला समजावत बसलो नाही. पण हे वाक्य बाबांनी म्हटलं नाही, हे मी मनात लिहून ठेवलं.

बँकेतल्या वांद्र्याच्या एका सहकाऱ्याने मला गिटारवादक टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमचा हा पोरगा सतरा वर्षांचा असताना, १९६५ साली, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये दोन बोटांची टोकं गमावून बसला. हात उजवा होता. पण तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याला 'नशीब' कुणी म्हणालं असेल का, हे मला फार वाटून गेलं. त्याचा फोरमन मात्र त्याच्यासाठी जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड घेऊन गेला. १९२८ साली पॅरिसजवळ राहत्या गाडीला आग लागून जँगोची डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका निकामी झाली होती. उरलेल्या दोन बोटांनी तो सुरावटी वाजवी. ते ऐकून आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर कातडं चिकटवलं, हलक्या तारा चढवल्या. पुढे ब्लॅक सॅबथ या आपल्या बँडच्या १९७१च्या तबकडीत त्याने तारा दीड सुराने उतरवल्या, ओढ कमी व्हावी म्हणून. त्या बँडचा जड, काळोखा आवाज बऱ्याच अंशी त्या उतरवलेल्या तारांतून आला आहे.

माझं प्रकरण लहान. तर्जनीचं शेवटचं पेर पुन्हा कधी आपणहून वाकलं नाही. साधा 'सी' कॉर्ड, जो शिकणारी मुलं पहिल्या आठवड्यात वाजवतात, तो मला जमेना. दुसऱ्या तारेवर ठेवलेलं टोक आडवं पडून पहिली तार मुकी करायचं. आणि ज्या 'एफ'पाशी निम्मी मुलं गिटार सोडतात, तो सोपा झाला. 'एफ'ला तर्जनी सरळ आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात, त्याही अंगठ्याकडच्या कडेने. माझं बोट सरळ होतं आणि नेमकी तीच कड बधिर होती. एफ, बी फ्लॅट, वरच्या पट्ट्यातला आडवा सी: एवढ्यात मिस्सा निघते. आमच्या चर्चची निम्मी गीतं त्या वर्षी 'जी'मधून 'एफ'वर उतरली. वरचा सूर ओढताना दमणाऱ्या बायकांना बरं वाटलं, आणि ती पट्टी तशीच राहिली. आजची मुलं ती गीतं 'एफ'मध्येच शिकतात.

मज्जातंतू शिवल्यावर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. माझा टोकापर्यंत पुरता पोचलाच नाही. अर्ध्या बोटाला तार कळत नाही. दाब बरोबर आहे की नाही, ते कानाने ऐकायचं. एकदा ईस्टरच्या जागरणविधीत मेणबत्त्या पेटल्यावर मला फ्रेटबोर्डवर काहीतरी ओलं चमकताना दिसलं. तारेचं तुटकं टोक बोटात घुसलं होतं. त्या रात्री मी वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांचा विचार करत राहिलो. कुष्ठरोग्यांची बोटं आजाराने आपोआप झडत नाहीत; वेदना कळत नाही म्हणून ती भाजतात, चिरडतात, झिजतात, हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. वाकड्या झालेल्या त्या हातांवर शस्त्रक्रिया करून कंडरा एका जागेवरून दुसरीकडे नेल्या. वेदनेला ते देणगी म्हणत. माझ्याकडे अर्धी देणगी आहे, आणि ती कुठल्या बाजूला आहे ते मला मिलिमीटरपर्यंत ठाऊक आहे.

यंदा मार्चपासून अनामिका अडकायला लागली. सकाळी मूठ उघडली की ती मागे राहते, मग 'टक' करून सुटते. कंडरेवर गाठीसारखा फुगवटा येतो आणि ती तळहाताच्या तोंडाशी असलेल्या कड्यातून सरकत नाही. इंजेक्शन झालं, रात्रीची पट्टी झाली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे वाजवू नका. सहाचे आठ महिने मी केले. दुखणं जूनमध्येच थांबलं होतं. गिटार मात्र कपाटावरून खाली आली नाही.

आमच्या गावात आधारचं शिबिर लागलं ते २०१२ साली. बाबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांची दहा बोटं शिबिरातल्या पोराने ओल्या फडक्याने पुसली, तेल लावलं, परत पुसली. एकही लागेना. माती, कोयता आणि चीक यांनी रेघा खाऊन टाकल्या होत्या; टोकं गुळगुळीत, काळसर, सागरगोट्यासारखी. शेवटी डोळ्यांवर काम भागलं. माझी पाळी आली. उजवा लागला, डाव्याची चार बोटं नाही. पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही पण शेती करता?"

बाबांनी माझा डावा हात हातात घेतला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. अंगठ्याने तर्जनीचं टोक चोळून पाहिलं, जसे ते रबर ताणून पाहत तसं. "घट्टा आहे," म्हणाले. त्यांनी ज्या बाजूने धरलं होतं ती बधिर बाजू. मला त्यांचा अंगठा दिसत होता.

काल मी गिटार खाली काढली. तारा गंजल्या होत्या, त्या काढून हलक्या चढवल्या. अनामिकेला सध्या काम द्यायचं नाही, म्हणून तिची तार करंगळीला दिली. एफ लावला. पाच तारा बोलल्या, दुसरी नुसतीच टकटकली. बोट केसभर वर सरकवलं आणि पुन्हा दाबलं.