तरवड

१९८८ साली माणदेशातील एका खेड्यात मी शिक्षक म्हणून रुजू झालो. शाळेमागे विस्तीर्ण माळ होता. त्यावर गवत आणि जागोजागी तरवडाची झुडपे. मला तो माळ उजाड वाटला. ‘या पडीक जागेत आपण झाडे लावू,’ असे मी मुलांना सांगितले आणि आम्ही तरवड तोडावयास लागलो.

मेंढरे घेऊन चाललेले एक वृद्ध धनगर तेथे थांबले. माझ्या हातातील कोयता पाहून म्हणाले, “गुरुजी, तरवडानं तुमचं काय घोडं मारलंय?”

मी हसलो, ते हसले नाहीत. तोडलेल्या फांदीचा पाला खुडून त्यांनी तो पटक्याखाली, डोक्यावर ठेवला. “उन्हात हिंडणाऱ्याला हाच गारवा,” ते म्हणाले. मग त्यांनी एकेक उपयोग सांगितला. कोवळ्या काडीने दात घासावेत, घसा दुखू लागला तर सालीच्या काढ्याने गुळण्या कराव्यात. मधुमेहावर वाळलेल्या फुलांचा काढा देतात. चर्मकार याच सालीने कातडी कमावीत.

पुढे मी वाचले, की सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य असते. कातडे टिकते ते त्यामुळेच. फुलांच्या गुणांचा शास्त्रज्ञ आजही अभ्यास करीत आहेत. मात्र मुलांनो, वैद्यांना विचारल्यावाचून कोणताही झाडपाला औषध म्हणून घेऊ नये.

आजोबांचे म्हणणे मला पटले होते. तरीही मुलांसमोर माघार घेणे मला कमीपणाचे वाटले. सायंकाळपर्यंत आम्ही माळ साफ केला.

पावसाळ्यात तेथे गुलमोहराची रोपे लावली. पुढच्या उन्हाळ्यात ती सारी वाळून गेली. तरवडाच्या तोडलेल्या बुंध्यांना मात्र नवे धुमारे फुटले आणि पाऊस सरता सरता माळ पिवळ्या फुलांनी भरून गेला. तेलंगणात याच फुलांचे थर रचून बतुकम्मा सजवितात. २०१४ साली त्या राज्याने तरवडाच्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला.

अशा गवताळ, झुडपी भूमीला शास्त्रज्ञ ‘सवाना’ म्हणतात. ती ओसाड नसते. तिची स्वतःची अशी एक सृष्टी असते. मी तिला पडीक म्हटले, ते माझे अज्ञान होते.

आजोबांची क्षमा मागावी म्हणून मी कितीतरी दिवस वाट पाहिली. त्यांची मेंढरे पुन्हा त्या वाटेने आली नाहीत. तरवडाचे पिवळे झुडूप दिसले, की त्यांचा तो प्रश्न मला आजही ऐकू येतो.