उत्तर तिचं असू द्या

लोणावळा,
श्रावण शुद्ध पंचमी

ती. सौ. वहिनींस,


दादांचा फोन येऊन गेला. धाकटीने सौंदर्यस्पर्धेचा फॉर्म भरल्याचं कळल्यापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही, असं म्हणाले. फोनवर या गोष्टी बोलून होत नाहीत, एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचं ऐकणं थांबतं. म्हणून लिहायला बसले. पत्र दादांनाही वाचून दाखवा आणि मग तिच्या हातात द्या.

आधी मधू सप्रेबद्दल सांगते. नागपूरची, आपल्यासारख्याच मराठी घरातली मुलगी. मॉडेलिंगमध्ये येण्याआधी ती मैदानावर घाम गाळणारी खेळाडू होती. १९९२ मध्ये ती मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या स्पर्धेत शेवटच्या तिघींत पोचली. तिथे प्रश्न आला, तू देशाची प्रमुख झालीस तर पहिलं काम कोणतं करशील? तिच्या बोलण्याचा आशय असा होता की गरिबी वर्षानुवर्षांची आहे, ती एका वर्षात जाणार नाही. पण मी खेळाडू आहे, म्हणून खेळांसाठी मोठं स्टेडियम उभारीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला मिळाला, मधू तिसरी आली. त्या उत्तरावरून आपल्याकडे किती वर्षं तिला बोल लावले गेले! उपाशी देशात हिला स्टेडियम सुचतं, असं लोक म्हणत राहिले.

मला तेव्हाही ते उत्तर बरोबर वाटलं होतं आणि आज तर जास्तच वाटतं. आपल्या मावळात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे कुठे धावतात? डांबरी रस्त्यावर, गाड्यांचे दिवे चुकवत. ज्या मुलीला स्वतःच्या पायांखाली मैदान नसल्याचं दुःख माहीत आहे, ती दुसरं काय सांगणार? इंग्रजी तिच्या हातचं नव्हतं, मांडणी कच्ची राहिली असेल. पण तिने जगलेलं तेच सांगितलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. दोघी हुशार, दोघींची उत्तरं ऐकत राहावी अशी. पण त्यांच्या यशानंतर देशभर शिकवण्यांचं पेव फुटलं. चालायचं कसं, हसायचं किती, आणि प्रश्न आला तर काय म्हणायचं. जगात शांतता हवी, मुलांना शिक्षण हवं, आई हेच माझं दैवत. यातलं चूक एकही नाही. तरी शंभर मुली एकाच सुरात तेच म्हणायला लागतात, तेव्हा त्यातल्या कुणाचंच घर, गाव, रान त्या उत्तरात उरत नाही. वहिनी, मला धाकटीच्या बाबतीत भीती आहे ती याची. कपड्यांची नाही.

दादांचा सगळा राग मात्र कपड्यांवरच आहे, हे मी जाणते. ‘हे आपल्या मातीतलं नाही,’ असं ते म्हणाले. दादांचा मान राखून सांगते, एकवीरेच्या दर्शनाला गेलं की शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत थोडं उभं राहावं. दारांच्या बाजूला दगडात कोरलेली जोडपी आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. भरघोस दागिने, अंगावर बेताचीच वस्त्रं, आणि उभं राहण्यात कसलाही संकोच नाही. बौद्ध भिक्खूंच्या प्रार्थनेच्या जागी ही माणसं उभी आहेत आणि एकाही भाविकाचं मन त्यांनी विटाळलं नाही.

आणखी जवळचं उदाहरण द्यायचं तर १९३८ चा ‘ब्रह्मचारी’. आचार्य अत्र्यांची लेखणी, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. चित्रपट तरी लोकांनी डोक्यावर घेतला. याच मीनाक्षीबाईंची नात नम्रता शिरोडकर १९९३ मध्ये मिस इंडिया झाली आणि मिस युनिव्हर्सच्या अंतिम सहा जणींत पोचली. आजी ते नात या पंचावन्न वर्षांत कुठलं मराठी घर बुडालं नाही. १९९६ मध्ये बंगळूरला मिस वर्ल्ड भरली, तेव्हा विरोध एवढा पेटला की पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला हलवावी लागली. पुढे २०१४ मध्ये मिस वर्ल्डवाल्यांनी ती फेरी आपणहून बंद केली. तेव्हा दादांनी या एका गोष्टीवर झोप घालवू नये. घालवायचीच असेल तर पुढे सांगते त्या गोष्टींवर घालवावी.

निशा पाहुजा यांचा ‘द वर्ल्ड बिफोर हर’ नावाचा २०१२ चा माहितीपट आहे. त्यात एकीकडे मिस इंडियाच्या स्पर्धक मुलींचं मुंबईतलं शिबिर दिसतं, तर दुसरीकडे दुर्गावाहिनी या हिंदुत्ववादी संघटनेचं औरंगाबादचं शिबिर. एका प्रसंगात स्पर्धक मुलींच्या डोक्यावरून पांढरी कापडं घालतात, फक्त पाय दिसतील अशी, आणि पायांचे गुण ठरवायला त्यांना चालवतात. ते बघताना माझं रक्त तापलं. कपडे थोडे होते म्हणून नाही. उलट अंगभर कापड होतं. चेहरा झाकला होता, म्हणून. माणूस झाकून पाय उघडे ठेवण्यात स्पर्धेतली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. आणि दुसऱ्या शिबिरात? तिथे मुलींच्या तोंडी वेगळी वाक्यं घालतात, पण घालतातच. दोन्हीकडे मोठी माणसं समोर उभी राहून मुलींनी काय म्हणायचं ते ठरवतात.

याच माहितीपटात पूजा चोप्रा भेटते. तिची गोष्ट मला तुमच्यासाठी, एका आईसाठी, सविस्तर सांगायची आहे. पूजा वाढली ती आपल्या पुण्यात. आधीची एक मुलगी असताना हीही मुलगीच झाली. वडिलांना मुलगा हवा होता आणि हिला संपवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आईने, नीरा चोप्रांनी, दोन्ही लेकी उचलल्या आणि घर सोडलं. पूजा तेव्हा अवघी काही दिवसांची होती. पुण्यात येऊन त्यांनी नोकरी केली, पोरींना शिकवलं. हे सगळं मायलेकींनी आपण होऊन जाहीरपणे सांगितलेलं आहे, म्हणून मी लिहू धजले. २००९ मध्ये पूजा मिस इंडिया वर्ल्ड झाली, तेव्हा जिला जगूच द्यायचं नव्हतं तिचं नाव देशभर पोचलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गला मिस वर्ल्ड होती. घोट्याला दुखापत होऊनही ती तिथे उतरली. मुकुट नाही मिळाला. मिळाला तो ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ हा सन्मान, गरीब मुलींच्या शिक्षणासाठी चालणाऱ्या ‘नन्ही कली’च्या कामाबद्दल. हे काम तिला कुणी स्पर्धेपुरतं चिकटवलेलं नव्हतं. ती स्वतःच तशी एक नकोशी ठरवलेली मुलगी होती.

आपल्या महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४ झाल्या. शिकलेल्या, पैसा असलेल्या, सोनोग्राफीचं मशीन दाराशी आलेल्या राज्यात हे घडलं. अशा राज्यात एक मुलगी मंचावर उभी राहून ‘मी जगले ते आईमुळे’ असं म्हणते, तेव्हा ते वाक्य पाठ केलेलं असूच शकत नाही. वहिनी, तुम्हालाही दुसरी मुलगी झाली तेव्हा बारशाला कोण कोण तोंड वाकडं करून बसलं होतं, ते मी विसरलेले नाही. तुम्ही तेव्हा पेढे वाटले होते. धाकटीला ते माहीत आहे का? नसेल तर सांगा.

शिक्षण सुटेल, ही दादांची दुसरी काळजी. ती मला पटते आणि तिच्यावर मी अडून बसणार आहे. रीटा फारिया मूळच्या गोव्याच्या घरातली, जन्म मुंबईचा. ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत असताना, १७ नोव्हेंबर १९६६ ला लंडनमध्ये ती मिस वर्ल्ड झाली. तो मुकुट मिळवणारी पहिली आशियाई. पुढचं वर्षभर ती कराराने बांधलेली होती. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांपुढच्या कार्यक्रमाला बॉब होपबरोबर गेली आणि त्यावरून इथे तिच्यावर टीकाही झाली. वर्ष संपलं तशी तिने जाहिराती आणि सिनेमाच्या मागण्या बाजूला सारल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिक्षण पुरं केलं, डॉक्टर झाली आणि पुढे डब्लिनला स्थायिक झाली.

पस्तीस वर्षांनी त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेली अदिती गोवित्रीकर २००१ मध्ये मिसेस वर्ल्ड झाली. ती कुठली, तर पनवेलची. आपला घाट उतरला की पनवेल. सोलापूरची अमृता पत्की २००६ च्या मिस अर्थमध्ये उपविजेती ठरली. नागपुरात इंजिनिअरिंग शिकलेली मानसी मोघे २०१३ ला मॉस्कोच्या मिस युनिव्हर्समध्ये पहिल्या दहांत होती. मोठ्या शहरातल्या, इंग्रजी घरातल्या मुलींचंच हे काम आहे, असं म्हणायला आता जागा उरलेली नाही. आणि धाकटीला घाई करायचंही कारण नाही. २०२३ पासून मिस युनिव्हर्समध्ये लग्न झालेल्या बायका आणि आयाही भाग घेऊ शकतात, २०२४ पासून वयाची वरची अटसुद्धा काढली आहे. बी.एस्सी. पुरी करून गेली तरी दार उघडंच राहील.

मधू सप्रेचं पुढचं सांगायचं राहिलं, तेही दादांना कळू द्या. १९९५ मध्ये एका बुटांच्या जाहिरातीत ती आणि मिलिंद सोमण विवस्त्र दिसले, अंगाभोवती अजगर. खटला भरला गेला. निकाल लागायला २००९ उजाडलं, तेव्हा ती निर्दोष सुटली. चौदा वर्षं. या क्षेत्रात एका सहीची किंमत किती वर्षं मोजावी लागते, हे धाकटीला कळायला हवं. म्हणून मी म्हणते, कागद वाचल्याशिवाय सही नाही. करार किती दिवसांचा, फोटो कोण कुठे वापरणार, मधेच सोडायचं ठरवलं तर काय, हे सगळं विचारायचं. गल्लोगल्ली निघालेल्या छोट्या स्पर्धा प्रवेश फी घेतात, मग ग्रूमिंगची फी, मग फोटोशूटची. शेवटी पट्टा सगळ्यांच्याच खांद्यावर येतो, कुठली ना कुठली पदवी छापलेला. तिथे एक पैसाही देऊ नका. तिने भरलेला फॉर्म कुठला, आयोजक कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

आता तिच्याबद्दल. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे राहायला आली होती. भाजणीचं थालीपीठ खाता खाता मी सहज विचारलं, तुला तिथे विचारलं की तुझ्या गावासाठी काय करशील, तर काय सांगशील? वाटलं होतं, काही तरी पाठ केलेलं येईल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘आत्या, मी पवनेचं पाणी सांगेन.’ ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला तेव्हा ती पोर होती. पवना धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याला शेतकऱ्यांचा विरोध होता. तीन जीव गेले, त्यात एक बाई होती. त्या रात्री घरात चूल पेटली नव्हती एवढंच तिला आठवतं. ‘शहराला पाणी लागतं हे खरं आहे,’ ती म्हणाली, ‘पण ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्या शेताला कोण विचारणार? मी तेच सांगेन. नाही निवडलं तरी चालेल.’

वहिनी, हे तिला कुठल्या वर्गात शिकवलेलं नाही. हे दादांच्या तोंडून, तुमच्या हाताखाली वाफ्यात वाकून लावणी करताना तिच्यात आलं आहे. दादांना वाटतं की ती त्यांच्यापासून लांब चालली आहे. मला तर ती त्यांचीच बाजू घेऊन निघालेली दिसते. तिला उच्चार शिकवा, उभं राहायला शिकवा, इंग्रजी हवं तर मी शिकवेन. मराठीत उत्तर द्यायचं असेल तर दुभाषा मागता येतो का, तेही विचारून घेऊ. पण त्या उत्तराला कुणालाही हात लावू देऊ नका.

शनिवारी तिला माझ्याकडे पाठवा. पवनानगरहून एसटीने कामशेत आणि तिथून लोकल. फॉर्मची प्रत, आलेले सगळे मेसेज आणि कॉलेजच्या परीक्षेचं वेळापत्रक घेऊन यायला सांगा. दादा स्वतः आले तर उत्तमच. एकदा तिघांनी बसून कागद वाचला की आयोजकांना काय विचारायचं ते ठरवता येईल. येताना इंद्रायणीचा दोन किलो तांदूळ पाठवलात तर बरं होईल, इथल्या दुकानातल्याला तो वास नाही.

लहानांना आशीर्वाद, दादांना नमस्कार.

तुमची,
वन्सं