पळतीचा क्रम

खो-खोच्या मैदानावर नऊ नऊ मिनिटांच्या पाळ्यांत जयापजयाचा फैसला होत असल्यामुळे खेळाडूचे वय तेथे इतर कोणत्याही व्यवहारापेक्षा लवकर मोजले जाऊ लागते, आणि जी मुलगी घरच्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने अद्याप लहानच असते तिने आता जागा मोकळी करावी की नाही, याची चर्चा मैदानाच्या कडेला उभी असलेली जाणती माणसे करू लागतात. पंचविशी उलटली, गेल्या स्पर्धेत दोनदा लवकर बाद झाली, सूर मारून उठताना गुडघ्यावर हात टेकला, एवढा पुरावा त्या चर्चेला पुरतो. मला ती अस्वस्थ करते, कारण ती अवश्य व्हावयास हवी असली तरी तिचा निकाल बहुधा भलत्याच मुद्द्यांवर लागतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष वजन आहे. निजामाच्या राज्यातून १९४८ साली मुक्त झालेला आणि आजही पावसाच्या लहरीवर जगणारा हा जिल्हा ज्या मोजक्या गोष्टींमुळे देशभर ओळखला जातो, त्यांत तुळजापूरच्या भवानीच्या खालोखाल आता खो-खो खेळणाऱ्या मुलींचे नाव घ्यावे लागेल. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे येथलीच; डॉ. चंद्रजित जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या या खेळाडूला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा तो सन्मान खो-खोकडे बावीस वर्षांनी परत आला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा धाराशिव शहरातच भरली. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे नमविणाऱ्या भारतीय संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. जेथे एका पिढीच्या यशाकडे पाहून दुसरी पिढी मैदानात उतरते, तेथे थोरलीने केव्हा थांबावे हा विषय सर्वांचाच होतो.

हा प्रश्न इतरत्रही सुटलेला नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात चेंडू खांबांमधून लाथेने उडविण्यापुरता एक स्वतंत्र खेळाडू बाळगलेला असतो. सामन्याचा बहुतेक वेळ तो बाजूला बसून काढतो, आणि अखेरच्या काही क्षणांत त्याच्या एका पायावर सर्व संघाचे श्रम अवलंबून राहतात. जॉर्ज ब्लांडा हे काम वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत करीत होता. ॲडम विनाटिएरी २०१९ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, शेवटचा हंगाम खेळला, आणि ज्याच्या लाथेने अजिंक्यपदे मिळाली होती त्याचेच साधे नेम त्या हंगामात वारंवार चुकू लागलेले सर्वांनी पाहिले. आपल्याकडे क्रिकेटमध्ये प्रा. दि. ब. देवधरांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा रणजी करंडक मिळवून दिला, आणि १९४४ साली, वयाची बावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर, एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. ज्या निवड समितीने केवळ जन्मतारीख पाहिली असती तिने देवधरांना दहा वर्षे आधीच घरी पाठविले असते. आणि जिने केवळ पूर्वपुण्याई पाहिली असती तिने विनाटिएरीला आणखी दहा वर्षे ठेवले असते.

माझ्या मते खरा प्रश्न असा की, वयाने नेमके काय हिरावून नेले आणि काय मागे ठेवले. खो-खोत याचे उत्तर इतर खेळांपेक्षा स्पष्ट मिळते, कारण तेथे आक्रमण आणि संरक्षण ही दोन खाती पूर्णपणे निराळी आहेत. आक्रमणात आठ जणी मध्यरेषेवर आळीपाळीने उलट दिशांना तोंड करून बसतात. खो मिळताच उकिडव्या बैठकीतून झेपावयाचे, चार पावलांत गडी गाठावयाचा, नाही तर खांबाला हात घालून सूर मारावयाचा, हे सर्व गुडघ्यांचे आणि कमरेचे काम आहे, आणि वय प्रथम तेथेच हात घालते. संरक्षणाची गोष्ट वेगळी. पाठलाग करणाऱ्या खेळाडूला एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही आणि मध्यरेषा ओलांडता येत नाही; पळणारीला मात्र ही दोन्ही बंधने नाहीत. त्यामुळे जिला नियमांच्या या विषमतेचा पुरता उपयोग करता येतो, बसलेल्या गड्याच्या खांद्याच्या किंचित हालचालीवरून पुढचा खो कोणाला मिळणार हे जिला उमगते, हुलकावणी केव्हा द्यावी आणि केव्हा मुळीच देऊ नये हे जिला अनेक सामन्यांनी शिकविलेले असते, ती एकेरी साखळीतून, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी वाटेने, जाताना आपला दम राखून धावते. सतरा वर्षांची मुलगी तिच्याहून वेगवान असेल. पण त्या वेगाचा अर्धा भाग अनावश्यक धावण्यात खर्ची पडतो, आणि दोन मिनिटे झाली की तिचे पाय जड पडू लागतात.

म्हणून कोणा वयस्क खेळाडूचा विचार करताना हे दोन हिशोब कधीही एकत्र करू नयेत असे मला वाटते. पळतीचा, म्हणजे संरक्षणात धावण्याचा, क्रम पाळी सुरू होण्याआधी गुणलेखकाकडे नोंदवावा लागतो, तिघी-तिघींच्या तुकड्यांनी. पहिल्या तुकडीत संघाचे उत्तम पाय असावेत हे योग्यच. परंतु दुसऱ्या तुकडीत दोन तरुण मुलींबरोबर एक जाणती असली, तर ती स्वतः टिकतेच, शिवाय पाठलागाचा रोख आपल्याकडे ओढून घेऊन त्या दोघींना श्वास घेण्यास अवसर देते. पहिल्या तुकडीतून दुसरीत जाणे ही बडतर्फी नव्हे. खेळाडूने ती तशी मानू नये, आणि प्रशिक्षकाने ती तशी वाटू देऊ नये. मैदानावरचे बरेच दुःख ही गोष्ट वेळीच, स्वच्छ शब्दांत, समोरासमोर न सांगितल्यामुळे उत्पन्न होते.

तथापि कृतज्ञता हा संघात ठेवण्याचा आधार होऊ शकत नाही, हेही तितकेच ठामपणे म्हटले पाहिजे. संघात जागा बारा, मैदानात नऊ. कळंबहून किंवा परंड्याहून एस.टी.ने सरावाला येणारी मुलगी जर थोरलीच्या मानापोटी दोन वर्षे राखीव बसली, तर त्या दोन वर्षांत तिचेही वय जाते, आणि ते तिला कोणी परत देत नाही. संरक्षणातली जाण जिच्यापाशी उरली नाही, किंवा जी सरावाला हजेरी न लावता नावावर खेळू पाहते, तिची जागा त्याच दिवशी दुसरीला मिळावी.

परंतु या जिल्ह्यात मुली मैदान सोडतात त्या बहुतेक गुडघ्यांमुळे नव्हे. लग्न ठरते, घरचे उत्पन्न पुरत नाही, बाहेर राहण्याचा खर्च झेपत नाही, आणि तेवीस-चोविसाव्या वर्षी, म्हणजे जाण नुकतीच पिकू लागलेली असताना, खेळ संपतो. सारिका काळे यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे की, अनेक वर्षे त्यांनी दिवसाकाठी एका वेळच्या जेवणावर काढली, आणि अडचणींमुळे एकदा त्यांनी खेळ सोडण्याचे ठरविले होते. प्रशिक्षकांनी समजूत घातली म्हणून त्या मैदानावर परतल्या. ती समजूत त्या वेळी घातली गेली नसती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्यांच्यासाठी असा कोणी धावून आला नाही अशा मुलींची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. आपण जिला वयस्क म्हणून बदलण्याची घाई करतो ती म्हणजे या साऱ्या गळतीतून टिकून राहिलेली एखादीच असते, आणि तिच्या जाण्याबरोबर जे ज्ञान जाते ते पुन्हा मिळविण्यास संघाला पुष्कळ हंगाम खर्च करावे लागतात.

सारिका काळे यांची पुढे तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून नेमणूक झाली, हे या दृष्टीने मला पदकाइतकेच मोलाचे वाटते. खेळाडूचे पाय थकले तरी तिचा मैदानाशी संबंध तुटू नये अशी ती तजवीज आहे. मात्र असे भाग्य अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचलेल्या एखादीच्याच वाट्याला येते. शाळांतून आणि तालुक्यांच्या मैदानांवरून प्रशिक्षिका म्हणून काम करू शकतील अशा कितीतरी जुन्या खेळाडू आज घरी बसून आहेत.

तेव्हा जिल्ह्यातील संघनिवडीचे काम ज्यांच्या हाती आहे त्यांना माझी विनंती एवढीच की, पंचविशी उलटलेल्या मुलीचे नाव यादीतून खोडण्यापूर्वी तिचे आक्रमण आणि तिचे संरक्षण निरनिराळे पाहावे, गेल्या हंगामात पळतीत ती किती वेळ टिकली ते गुणपत्रिकेतून काढावे, आणि त्यावरही तिला वगळावे लागले तर तो निर्णय तिला स्वतः जाऊन सांगावा, व त्याच दिवशी लहान गटाच्या मुली शिकविण्यासाठी तिच्या स्वाधीन कराव्यात.