अर्धा आटा

माणसाने आयुष्यात एकदा तरी जुनी मोटारसायकल विकत घ्यावी. अहंकार उतरतो आणि पोटऱ्या भरतात. हे दोन्ही लाभ मी १९८४ साली पुण्यात पदरात पाडून घेतले.

त्या काळी नव्या स्कूटरसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, अशी रीत होती. मला तेवढा धीर नव्हता. पतपेढीतून कर्ज काढलं, त्यात हिच्या भिशीचे पैसे घातले आणि दहा वर्षं वापरलेली, वर्षभर नुसती उभी असलेली एक टू-स्ट्रोक मोटारसायकल दारात आणली. कंपनीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हताच. विकणारे गृहस्थ म्हणाले होते, "गाडी एका हाताची आहे." ते खरं होतं. ती दोन्ही पायांनी आळीपाळीने सुरू करावी लागते, एवढंच ते बोलले नव्हते.

पंधरा-वीस किका मारल्यावर गाडी एकदाची पेटायची. रेस दिली की वाघासारखी डरकाळी फोडायची. सोडली की गप्प. 'स्लो' नावाची काही अवस्था असते, हे तिच्या गावीही नव्हतं. अलका टॉकीजच्या चौकात लाल दिवा लागला की मी जागच्या जागी रेस देत उभा राहायचो. एकदा तिथला पोलीस म्हणाला, "काय साहेब, विमान उडवताय का?" तेव्हा मागे बसलेली ही पदर सावरून दुसरीकडे बघू लागली, जणू या इसमाने तिला नुसती लिफ्ट दिली होती.

ऑफिसात प्रत्येकाने वेगळं निदान केलं. एकाने प्लग सांगितला, दुसऱ्याने पॉइंट, तिसऱ्याने कंडेन्सर. चौथा म्हणाला, "विकून टाका." मी पहिल्या तिघांचं ऐकलं आणि एका रविवारी नाना पेठेतून सगळं आणून एकदम बदललं. वर कार्बोरेटरचे दिसतील ते स्क्रूही फिरवले. त्यानंतर गाडी पेटेचना.

ओसरीवरून आवाज आला, "किती गोष्टी बदलल्यास?"

आमचे अप्पा. सरकारी कचेरीत हिशेब तपासनीस होते. आदल्या वर्षी आई गेली आणि त्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले. तेव्हापासून ओसरीवर बसून पेपरचं एकच पान धरून असत. तक्रार कसलीच नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं आमटीवर आक्षेप काढले, तो मुकाट्याने जेवून उठू लागला, तेव्हा आम्ही दोघंही मनातून घाबरलो होतो.

"सगळ्या बदलल्या," मी म्हणालो.

"म्हणजे आता कशाने बिघडली ते तुलाही कळायचं नाही आणि गाडीलाही." ते उठले, आतून एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले. "एका वेळी एकच बाब. आधी आवक, मग जावक."

आणि आमच्या गाडीचं ऑडिट सुरू झालं. बाब पहिली : प्लग काढून हेडला टेकवून किक मारली. 'ठिणगी निळी. हरकत नाही.' बाब दुसरी : पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरली. धार आधी जोरात, मग बारीक, मग थेंब थेंब. टाकीचं झाकण उघडलं की पुन्हा जोरात. झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं. 'हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही. दुरुस्त.' गाडी पेटू लागली. पण रेस सोडली की गप्प, ते होतंच.

अप्पा रोज संध्याकाळी चालत नाना पेठेत जाऊ लागले. तिथल्या एका मिस्त्रीच्या स्टुलावर बसायचे, त्याचा चहा प्यायचे, त्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं टिपून आणायचे. आठवडाभराने निकाल आला : "रेसवर चालते म्हणजे मोठी वाट मोकळी. स्लोवर मरते म्हणजे लहान वाट बंद. गाडी वर्षभर उभी होती, पेट्रोल आटून त्याचा चिकटा बसला असणार."

लहान वाट म्हणजे पायलट जेट, केसाएवढ्या भोकाचा पितळी तुकडा. त्यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं. अप्पांनी टूथब्रशचा एक केस उपटून तो साफ केला आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. टूथब्रश माझा होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मग एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड आटा सोडला. इंजिन गरम झाल्यावर पाव पाव आटा मागेपुढे करत अप्पा कान लावून बसले. आवाज एकसारखा झाला. मी रेस सोडली. गाडी चालूच राहिली! टुक टुक टुक टुक. अप्पांनी घड्याळ लावून दहा मिनिटं ऐकलं. त्या रात्री त्यांनी आमटीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. ही स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली.

दुसऱ्या सकाळी अप्पा पुन्हा ओसरीवर, हातात पेपर. पान तेच. वही मिटलेली.

मी ऑफिसला निघालो, इकडेतिकडे पाहिलं आणि एअर स्क्रू अर्धा आटा फिरवला.

"अप्पा, परत गोंधळ करतेय हो."

"आणली कुठे वही?" म्हणत ते उठले. पुढे दोन वर्षं आमच्या गाडीचा स्लो महिन्यातून एकदा बिघडत असे.

आता कार्बोरेटरच राहिला नाही. २०२० साली भारत स्टेज सहा आलं आणि नव्या मोटारसायकलींवर इंजेक्शन बसलं. नातू बटण दाबतो, गाडी पेटते, सिग्नलला शहाण्यासारखी उभी राहते. फिरवायला स्क्रूच नाही.

अप्पा २००१ साली गेले. माळा आवरताना परवा ती वही सापडली. पेट्रोलचे डाग पडलेल्या पानावर, त्यांच्या तपासनिसी अक्षरात, पहिल्याच महिन्यातली नोंद होती :

'एअर स्क्रू अर्धा आटा जास्त सुटलेला. आपोआप सुटणे शक्य नाही, स्प्रिंग घट्ट आहे. चिरंजीवांवर संशय. आक्षेप नोंदवू नये.'